मालवणातल्या खाऱ्या फिशटँकला आपोआप गोडं पाणी: कामाच्या नोंदी

६ एप्रिल २०२५

आधी माप, म्हणजे पुढचे आकडे कळतील. टाकी चार बाय दीड बाय दीड फूट. खाली कपाटात संप, म्हणजे वरच्या टाकीचं पाणी जिथे उतरतं आणि परत वर जातं ती दुसरी टाकी, ७५ × ३५ × ३५ सेंमी, त्यात पाणी १८ सेंमीपर्यंत. दगड आणि वाळू वजा करून एकूण पाणी २३० लिटर धरतो. आत हॅचरीत वाढलेले क्लाऊनफिश, एक क्लीनर कोळंबी आणि गोगलगायी. प्रवाळ नाही. पाहुणे हमखास विचारतात, ‘मालवणात राहून प्रवाळ नाही?’ प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि इथला समुद्र १९८७ पासून अभयारण्य. ते तिथेच बरं.

काम एवढंच: उडालेलं पाणी रोजच्या रोज भरून निघावं. वाफ होते ती पाण्याची, मीठ मागे राहतं, म्हणून भरायचं ते गोडं पाणी. समुद्र दारात असला तरी.

पातळी उतरते ती फक्त संपाच्या शेवटच्या कप्प्यात, जिथे वर पाणी फेकणारी मोटर बसते. बाकीच्या कप्प्यांत मधल्या काचांमुळे पाणी हलत नाही, त्यामुळे सेन्सर तिथे लावून फायदा शून्य. शेवटचा कप्पा २० × ३५ सेंमी. म्हणजे एक सेंमी पाणी उतरलं की ७०० मिली गेलं. पाण्यावर पंखा लावलेला आहे (मेमध्ये तो नसेल तर पाणी ३१ अंशांच्या वर जातं), त्यामुळे सध्या दिवसाला पाचेक लिटर उडतं. सात सेंमी. मोटर आठ सेंमीच्या खाली हवा ओढायला लागते. हिशोब केला तर दोन दिवस कुणी बघितलं नाही की मोटर कोरडी. गेल्या वर्षी कुडाळच्या लग्नाला गेलो तेव्हा नेमकं हेच झालं. नवी मोटर १८०० रुपये.

१३ एप्रिल

वरच्या पाण्याच्या टाकीला लावतात तसला अलार्म आणला, ९० रुपये. स्टीलच्या दोन पट्ट्या, पाणी दोन्हींना लागलं की सर्किट पूर्ण. गोड्या पाण्यात वर्षानुवर्षं चालतो.

खाऱ्यात आठवडाही निघाला नाही. एका पट्टीवर सतत बारीक बुडबुडे, दुसरीवर तपकिरी साय. बाहेर काढून बघितलं तर स्क्रूचे आटे खाल्लेले, नखाने भुगा पडत होता. डीसी करंट मिठाच्या पाण्यातून सतत सोडला की एक बाजू विरघळणारच. वाचायच्या क्षणापुरताच करंट सोडून आणि दरवेळी दिशा उलटवून हे कमी करता येतं, पण त्याच्या जोडणीत पितळेचे भाग आहेत. पितळ म्हणजे तांबं, आणि तांबं पाण्यात उतरलं की पहिली कोळंबी जाते. काढून टाकला.

२० एप्रिल

अल्ट्रासोनिक सेन्सर, ८५ रुपये. पाण्याला न लागता वरून अंतर मोजतो, म्हणून मोठी आशा होती. कपाटाचं दार उघडं असताना ११ सेंमी, ११ सेंमी, ११ सेंमी. दार लावल्यावर तासाभराने ११, ४७, ३, ११. सेन्सरच्या दोन्ही डोळ्यांवर दवासारखे थेंब बसलेले होते.

वॉटरप्रूफ मिळतो, गाडीच्या रिव्हर्स सेन्सरसारखा. पण तो साधारण वीस-पंचवीस सेंमीच्या आतलं बघूच शकत नाही, आणि माझा संपच ३५ सेंमी उंच. उघड्या सिमेंटच्या टाकीवर ठीक असेल. बंद कपाटात, आणि तेही समुद्रकाठी, नको. पिना हिरव्या पडायला लागल्याच होत्या.

४ मे

फ्लोट स्विच. प्लॅस्टिकचा, उभा, १३० रुपये. दांडीत रीड स्विच (चुंबकाने चालू-बंद होणारी दोन बारीक पाती), तरंगणाऱ्या गोळ्यात चुंबक. पाण्याला धातू लागतच नाही. पंप १२ व्होल्टचा बुडवायचा छोटा, तासाला २४० लिटरवाला, ३५० रुपये. गोड्या पाण्यासाठी ५० लिटरचा निळा ड्रम, कपाटाशेजारी स्टुलावर.

रीड स्विचमधून पंपाचा करंट थेट नेऊ नका. त्याची पाती केसासारखी असतात, मोटर सुरू होतानाचा झटका बसला की एकमेकांना चिकटतात आणि मग पंप बंदच होत नाही. मधे रिले घातला (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), ६० रुपये. फ्लोटने फक्त इशारा द्यायचा.

संध्याकाळी चालू केलं. पाणी उतरलं, पंप लागला, पाणी चढलं, पंप थांबला. सगळं छान.

५ मे

सकाळी संपात पाणी काठाच्या पाच सेंमी खाली. ड्रम रिकामा. होतं नव्हतं ते, साधारण ३० लिटर, सगळं खाली आलेलं.

फ्लोट बरोबर होता. रिले बरोबर. पंपसुद्धा वेळेवर बंद झाला होता. पाणी वाहत राहिलं, कारण नळीचं टोक मी संपाच्या पाण्यात बुडवलं होतं (टपटप आवाज नको म्हणून) आणि ड्रम स्टुलावर, म्हणजे संपापेक्षा वर. पंपाने एकदा नळी भरून दिली की पुढे त्याची गरजच नाही. शेतावर नळी तोंडाने ओढून डिझेल काढतात तेच हे. बंद पडलेल्या पंपातून पाणी आरामात पलीकडे जातं, पंखाच तर आहे आत.

वायरमन म्हणाला, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लाव. त्याने काही होणार नाही. व्हॉल्व्ह उलट जाणारं पाणी अडवतो, इथे पाणी सुलट दिशेनेच जातंय. उपाय दोनच. नळीचं टोक पाण्याच्या वर हवेत सोडायचं आणि ड्रममधल्या सगळ्यात वरच्या पातळीपेक्षाही उंच ठेवायचं, किंवा बंद असताना नळी दाबून धरणारा पंप घ्यायचा.

रिफ्रॅक्टोमीटरवर क्षारता दर हजारी ३५ वरून ३१. मासे खात होते. कोळंबी दगडामागे. घाबरून मीठ किंवा समुद्राचं पाणी ओतायला गेलो नाही. पंखा चालू ठेवला आणि गोडं पाणी पूर्ण बंद. जास्तीचं ३० लिटर उडायला दिवसाला पाच या हिशोबाने आठवड्याच्या आत होतं तिथे येईल, आणि हळूहळू येईल तेच चांगलं.

११ मे

आज क्षारता ३५. कोळंबी बाहेर.

पेरिस्टाल्टिक पंप आला, ७५० रुपये आणि कुरिअर वेगळं. यात रबरी नळीवर रोलर फिरतात आणि पाणी चिमटीत धरून पुढे ढकलतात. थांबला तरी एक रोलर नळी दाबूनच असतो, म्हणून वरचा प्रकार होत नाही. स्वयंपाकघरातलं मापाचं भांडं खाली धरून मोजलं: मिनिटाला ८० मिली. हळू आहे, आणि हळू आहे म्हणूनच हवा. आधीचा पंप मिनिटाला चार लिटर द्यायचा, काहीही बिघडलं तरी धावत जायला वेळच नाही.

ड्रम काढला. त्या जागी २० लिटरचा पाण्याचा कॅन. या एका बदलावर माझा सगळ्या इलेक्ट्रॉनिक्सपेक्षा जास्त भरवसा आहे. सेन्सर, रिले, प्रोग्राम सगळं एकदम बिघडलं आणि पूर्ण कॅन खाली आला तर २३० लिटरमध्ये २० लिटर, क्षारता ३२ च्या आसपास. मासे झेलतात. संपात पाणी साडेसात सेंमी चढेल. त्यातच लाईट गेली तर वरच्या टाकीतून आणि पाइपांतून आणखी दहाएक लिटर उतरतं, म्हणजे अजून चार सेंमी. १८ अधिक साडेसात अधिक चार, साडेएकोणतीस. संपाची उंची ३५. फरशी कोरडी राहते. पन्नास लिटरच्या ड्रमला हाच हिशोब लावला तर क्षारता २९ च्या खाली आणि पाणी दिवाणखान्यात.

दर चार दिवसांनी कॅन भरावा लागेल म्हणून मोठा घ्यावासा वाटतो. घेऊ नका. फार तर दोन कॅन भरून ठेवा.

पाणी कुठलं, तेही इथेच लिहितो. आमच्या विहिरीचं पाणी मेमध्ये मचूळ होतं, टीडीएस मीटरवर ६०० च्या वर. ते रोज पाच लिटर घातलं तर त्यातलं सगळं टाकीतच साठत जाणार. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी ७० दाखवतं, ते वापरतो. एसीचं पाणी फुकट मिळतं हे खरं, पण ते तांब्याच्या नळ्यांवरून गळत येतं.

२६ मे

पाऊस यंदा फारच लवकर. शनिवारी कमी दाबाचं क्षेत्र रत्नागिरीच्या बाजूला किनाऱ्याला लागलं, काल मान्सून देवगडात पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. बोटी आधीच वर ओढलेल्या. १ जूनच्या मासेमारी बंदीआधी किल्ल्याच्या पलीकडून समुद्राचं पाणी भरून आणायचं ठरलं होतं, ते राहिलं. आता किनाऱ्यालगतचं पाणी घेण्यात अर्थ नाही. कर्लीच्या आणि कोळंबच्या खाडीतून गोडं, गढूळ पाणी येतंय. पाणी बदलायचं तर विकतचं मीठ.

लाईट सारखी जाते-येते आहे आणि त्यात एक नवीच भानगड कळली. क्षारता ३५ वरून ३४ वर आली होती. पंप जास्त पाणी घालतोय, पण का ते कळेना. मग लाईट येते त्या क्षणी कपाटासमोर बसून बघितलं.

लाईट गेली की वरचं पाणी संपात उतरतं, पातळी चढते, पंप गप्प. बरोबर. लाईट आली की मोठी मोटर ते पाणी भराभर वर फेकते. वरच्या टाकीतून खाली येणारा पाइप मात्र भरून नीट वाहायला मिनिट-दोन मिनिटं घेतो. तेवढा वेळ शेवटच्या कप्प्यात पाणी नेहमीपेक्षा खाली जातं. फ्लोट खाली, पंप चालू. दिवसातून दहा वेळा लाईट गेली तर दहा वेळा उगाच पाणी.

८ जून

नुसत्या रिलेवर भागणार नाही हे नक्की झालं. आर्डुइनो नॅनो घातला (प्रोग्राम लिहून चालवता येणारा छोटा बोर्ड), ३५० रुपये. प्रोग्राम पानभरही नाही. त्याला घातलेल्या अटी अशा.

चालू झाल्यावर दहा मिनिटं काहीच करायचं नाही, म्हणजे लाईट आल्यावरचा गोंधळ निवळतो. पातळी कमी असल्याचा इशारा सलग १५ सेकंद टिकला तरच खरा मानायचा, कारण कप्प्यात लाटा असतात आणि नाहीतर रिले टिकटिक करत बसतो. पंप लागल्यावर अर्धा सेंमी भरायला ३५० मिली, म्हणजे साडेचार मिनिटं लागायला हवीत. दहा मिनिटं होऊनही पातळी आली नाही तर पंप बंद, बझर चालू, आणि माणसाने येऊन बटण दाबेपर्यंत पुन्हा सुरू करायचं नाही. असं थांबेपर्यंत जास्तीत जास्त ८०० मिली गेलेलं असतं. त्याने काही बिघडत नाही.

पहिल्या अटीने दोन दिवस काहीच फरक पडला नाही. नॅनोचा अडॅप्टर इन्व्हर्टरच्या बोर्डावर होता आणि मोठी मोटर साध्या बोर्डावर. लाईट गेल्याचं नॅनोला कळतच नव्हतं, तो बंदच होत नव्हता, मग चालू झाल्यावरची दहा मिनिटं कुठून येणार? दोन्ही एकाच बोर्डावर आणले. इन्व्हर्टरवर आता फक्त हवेचा पंप.

२२ जून

पहाटे तीनला बझर. मी उठेपर्यंत आई कपाटासमोर: “मेल्या, ता तुजा यंत्र बोंबालता हा. बंद कर नायतर मी वायर ओढतंय.” तिने ओढलीच, मोठ्या मोटरसकट.

फ्लोट अडकला होता. नखाएवढी गोगलगाय गोळ्याच्या आणि वरच्या क्लिपच्या मधोमध बसलेली, गोळा वर येईना. पाणी भरलं तरी स्विच ‘कमी, कमी’ सांगत राहिला. दहा मिनिटांच्या अटीने पंप थांबवला होता, संपात एक सेंमीच जास्त. दांडीवर पांढरं मीठही जमलेलं, बोटाला खरखरीत लागत होतं. गोगलगाय नसती तर आणखी महिन्याभराने मिठानेच तो धरला असता.

फ्लोटभोवती आता प्लॅस्टिकच्या बाटलीचा तुकडा, सुईने भोकं पाडून. बझर रात्री दहा ते सहा बंद. त्याऐवजी लाल दिवा. पंप तर थांबलेलाच असतो, कुणाची झोप मोडायची गरज नाही.

२९ जून

मुख्य सेन्सर बदलला. ऑप्टिकल, ५५० रुपये. काचेसारखं टोक पाण्यात असलं की आतला किरण बाहेर निसटतो, हवेत असलं की परत येतो. हलणारा भाग नाही, गोगलगायीला धरायला जागा नाही. पण टोकावर बुडबुडा चिकटला की तो हवा समजतो, म्हणून सरळ उभा न लावता बाजूने आडवा लावला. शेवाळाची साय बसली तरी चुकतो. दर रविवारी मऊ फडक्याने पुसायचा.

फ्लोट फेकला नाही. तो तीन सेंमी वर बसवला आणि पंपाच्या रिलेला इशारा नेणारी तारच त्याच्यातून नेली. पाणी तिथवर आलं की तार तुटते. नॅनो काहीही म्हणो, प्रोग्राम अडकलेला असो, पंप चालू शकत नाही. दुसरा अडसर प्रोग्राममध्ये लिहिला तर तो प्रोग्रामबरोबरच मरतो. म्हणून तारेत.

हवेतल्या खाऱ्या दमटपणाचा इलाज: नॅनो आणि रिलेच्या बोर्डावर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात, यूएसबीचं तोंड आणि रिलेचे स्क्रू सोडून. स्क्रूंना व्हॅसलीन. डबा कपाटाच्या आत नाही, बाहेर भिंतीवर. डब्यात शिरणाऱ्या प्रत्येक वायरला आधी खाली पोट दिलंय, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब तिथेच गळतो, आत जात नाही.

२० जुलै

पावसाळ्यात पाणी उडतच नाही. पंखा बंद, हवेत इतका ओलावा की टॉवेल वाळत नाहीत. दिवसाला जेमतेम लिटरभर. कॅन जवळपास तीन आठवडे पुरतो, आणि त्याचीच अडचण झाली. कॅनमध्ये डासांच्या अळ्या. नळीसाठी पाडलेलं भोक सैल होतं, तिथून डास आत.

भोक मेणाने घट्ट बंद केलं. दुसऱ्या दिवशी कॅनची एक बाजू आत ओढलेली आणि नळीतून पाणी येईना. पाणी काढलं तेवढी हवा आत जायला नको का? आता बुचाला वेगळं छोटं भोक, त्यावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा रबरबँडने. कॅन रिकामा झाला की घासून मगच भरायचा, वर वर ओतत राहायचं नाही.

पागोळ्यांचं पाणी वापरून बघितलं. महिनाभर पाऊस होऊन कौलं धुतल्यावरचं, फडक्यातून गाळलेलं. टीडीएस १२, आरओपेक्षा उजवं. सुरुवातीच्या पावसाचं मात्र घेऊ नका, वर्षभराची धूळ आणि पक्ष्यांची घाण त्यात असते.

२४ ऑगस्ट

बुधवारी चतुर्थी. परवा सगळे मूळ घरी, गौरी-गणपती विसर्जन होईपर्यंत घराला कुलूप. खरी परीक्षा हीच.

आज मुद्दाम बिघाड करून बघितले. ऑप्टिकल सेन्सर पाण्याबाहेर काढून ठेवला: दहा मिनिटांनी पंप थांबला, दिवा लागला. नॅनोला वगळून रिलेला सतत ‘चालू’चा इशारा मिळेल अशी तार जोडून पंप जबरदस्तीने चालू ठेवला: पाणी वरच्या फ्लोटला लागल्यावर बंद. प्लग काढून लगेच लावला: दहा मिनिटं गप्प. कॅन काठोकाठ भरला. पंप रोज किती मिनिटं चालला ते नॅनोच्या मेमरीत लिहिण्याची सोय केली, म्हणजे आल्यावर कळेल.

वाया गेलेले सेन्सर आणि आधीचा पंप धरून आजवरचा खर्च अडीच हजारांच्या थोडा वर. वाया गेलेलं सोडलं तर दोन हजार.

३ सप्टेंबर

काल गौरी-गणपती विसर्जन झालं, आज दुपारी परत. मासे ठीक, कोळंबीने कात टाकलेली. क्षारता ३५. कॅनमधून दहा लिटरच्या आसपास पाणी गेलंय. मेमरीत रोजची पंधरा ते वीस मिनिटं. एक दिवस मात्र फक्त चार. त्या दिवशी शहरात संध्याकाळपर्यंत लाईट नव्हती, शेजाऱ्यांनी सांगितलं.

पंपाच्या डोक्याखाली भिंतीवर पांढरट ओघळ दिसला. उघडलं तर रोलरखालची नळी चपटी झालीय आणि कडेला केसाएवढी चीर. थेंब थेंब गळत होतं. ही नळी झिजणारीच, दुसरी १२० रुपयांना मिळाली, आणखी एक मागवून ठेवतोय. बदलल्यावर पुन्हा भांड्याने मोजलं, मिनिटाला ९० मिली. म्हणजे नळी बदलली की दहा मिनिटांची मर्यादाही तपासायला हवी.

राहिलेलं काम: कॅन रिकामा झाला तर पंप हवा ओढत दहा मिनिटं फिरतो आणि बिघाडाचाच दिवा लावतो. पाणी संपलं की सेन्सर अडकला, हे लांबून कळत नाही. कॅनच्या तळाशी आणखी एक फ्लोट आणि वेगळा पिवळा दिवा लावायचा आहे, ऑक्टोबरचा उकाडा सुरू होऊन पंखा पुन्हा लावायच्या आत.